जुनं होम थिएटर, नव्या डिस्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत साधारण २००० ते २०१२ या काळात ज्यांनी हौसेने मोठं होम थिएटर बसवलं, बहुतेक प्रश्न त्यांच्याकडूनच येतात. अ‍ॅम्प (स्पीकरना ताकद देणारं यंत्र) दोघांनी मिळून उचलावा असा, स्पीकर कपाटाला कपाट, आणि आता मुलगा किंवा जावई फोर-के डिस्क घेऊन आला की मागे काय कुठे खुपसायचं हा पेच. तीच तीच उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करून बोटं दुखली, म्हणून इथे एकत्र लिहिली. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, म्हणजे एकदा सांगितलेलं परत सांगायला नको.

१. ब्लू-रे, फोर-के ब्लू-रे, अल्ट्रा एचडी: यात नवीन काय? माझा चांगला ब्लू-रे प्लेअर नवी डिस्क का घेत नाही?

डीव्हीडीनंतर २००६ मध्ये ब्लू-रे आली आणि २०१६ मध्ये अल्ट्रा एचडी ब्लू-रे. तिलाच सगळे फोर-के डिस्क म्हणतात. तिन्ही चकत्या १२ सेंटिमीटरच्याच, म्हणून घोळ होतो. ब्लू-रेवर २५ किंवा ५० जीबी मावतात. फोर-के डिस्क ५०, ६६ किंवा १०० जीबीची असते, १०० वाली तर तीन थरांची. शिवाय तिच्यातलं चित्र एचईव्हीसी या नव्या पद्धतीने दाबलेलं असतं. जुना प्लेअर ते वाचूही शकत नाही आणि उलगडूही शकत नाही, त्यामुळे सॉफ्टवेअर अपडेटची वाट बघत बसू नका. उलट बाजूने मात्र सगळं चालतं: फोर-के प्लेअर ब्लू-रे आणि डीव्हीडी दोन्ही लावतो. दुकानात ओळखायची खूण सोपी आहे. निळा डबा ब्लू-रेचा, काळा फोर-केचा.

२. अ‍ॅम्प २००७ चा आहे, पंचवीस किलोचा. दुकानदार म्हणतो सगळं काढा, नवीन बसवा. खरंच काढावं लागेल का?

नाही. आणि हे सांगणारा दुकानदार तुमचा जुना अ‍ॅम्प 'बायबॅक'मध्ये किती पडेल भावात मागतोय, तेही बघा.

होम थिएटरमधल्या सगळ्या वस्तू एकाच वेगाने म्हाताऱ्या होत नाहीत. स्पीकरला डिस्क कोणती आहे याच्याशी देणंघेणं नसतं, त्याला तारेतून करंट हवा. तो करंट पुरवणारा अ‍ॅम्पचा पॉवर सेक्शन, म्हणजे मोठा ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक, वीस वर्षांनीही तेच काम करतो. आजच्या मधल्या किमतीच्या अ‍ॅम्पमध्ये तेवढं लोखंड-तांबं घातलेलंच नसतं. जुनं होतं ते डोकं: एचडीएमआयचे सॉकेट, कॉपी रोखणारं एचडीसीपी आणि आवाज उलगडणारी चिप.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी प्लेअर बदला. मग टीव्ही किंवा प्रोजेक्टर. अ‍ॅम्पला हात लावायचा तो छतातून आवाज हवा असेल तरच, आणि तेव्हाही जुना फेकायचा नाही (प्रश्न ८). स्पीकर राहू द्या, फक्त त्यांची तब्येत तपासा (प्रश्न १६).

३. माझ्या अ‍ॅम्पला एचडीएमआय नाहीच. मागे ऑप्टिकल आहे आणि सहा-आठ आरसीए पिनांची एक रांग आहे. काही होईल का?

दोन मार्ग आहेत.

ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्सिअल तारेतून ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ (डिस्कवरचे काहीही न गाळलेले, पूर्ण आवाज) जात नाही, तिची तेवढी कुवत नाही. पण डिस्कवर त्यांच्यासोबत साधा डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस आवाजही असतो आणि प्लेअर तो पाठवतो. हा 'साधा' आवाजही डीव्हीडीपेक्षा वरचढ असतो. डीव्हीडीवर डॉल्बी डिजिटल ४४८ केबीपीएसपर्यंत जायचा, ब्लू-रेवर ६४० पर्यंत जातो. एका तारेत काम होतं. अनेकांना एवढं पुरेसं वाटतं आणि मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

दुसरा मार्ग त्या आरसीएच्या रांगेचा. तिच्यावर 'मल्टी चॅनल इन' किंवा 'एक्स्टर्नल इन' असं काहीतरी लिहिलेलं असेल. प्लेअरने आवाज स्वतःच उलगडायचा आणि प्रत्येक स्पीकरसाठी वेगळ्या तारेने अ‍ॅनालॉग पाठवायचा. अशी ७.१ (सात स्पीकर आणि बेसचा एक सबवूफर) अ‍ॅनालॉग आउटपुट असलेले फोर-के प्लेअर मोजकेच आहेत. पॅनासॉनिकचे यूबी-८२० आणि यूबी-९००० हे त्यातले, ओप्पोचा यूडीपी-२०५ जुन्या बाजारात मिळाला तर नशीब. या मार्गाने डिस्कवरचा पूर्ण आवाज २००२ च्या अ‍ॅम्पमधूनही ऐकू येतो. बेस मात्र नीट लावून घ्यावा लागतो, त्यासाठी प्रश्न ९.

४. अ‍ॅम्पला एचडीएमआय आहे. पण त्यातून फोर-के टीव्हीला जोडलं की पडदा काळा होतो किंवा चित्र साधंच येतं.

हा सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न, आणि याचं उत्तर सगळ्यात स्वस्त आहे.

फोर-के डिस्कला प्लेअरपासून टीव्हीपर्यंत साखळीतल्या प्रत्येक कडीत एचडीसीपी २.२ लागतं. २०१३ च्या आधीच्या अ‍ॅम्पमध्ये ते नसतं. मध्ये असा अ‍ॅम्प आला की प्लेअर एकतर चित्र १०८०पीवर (साध्या ब्लू-रेच्या दर्जावर) उतरवतो किंवा पडदा काळा करून बसतो. उपाय: दोन एचडीएमआय आउटपुटचा प्लेअर घ्या. एका आउटपुटमधून चित्र थेट टीव्हीला, दुसऱ्यातून फक्त आवाज अ‍ॅम्पला. सोनीचे एक्स-७०० आणि एक्स-८०० एमके-२, पॅनासॉनिकचे यूबी-४२० आणि यूबी-८२० यांच्या मागे दोन आउटपुट आहेत.

फक्त दोन तारा लावून भागत नाही. प्लेअरच्या मेनूत जाऊन दुसरा एचडीएमआय 'फक्त आवाज' असा ठरवावा लागतो. दादरला एका घरी तीन संध्याकाळी लोकांनी तारा बदलून बदलून पाहिल्या होत्या. मी गेलो, सोफ्यावर बसून रिमोटने ते एक सेटिंग बदललं आणि चहा पिऊन आलो. अ‍ॅम्पमागे हातही घातला नाही.

२००६ च्या सुमाराच्या एचडीएमआय १.३ पासून ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी न उलगडता जाऊ शकतात. त्याआधीचा १.१ चा अ‍ॅम्प असेल तर प्लेअरला 'पीसीएम' वर ठेवा. प्लेअर उलगडेल, अ‍ॅम्पला तयार आवाज मिळेल, गुणवत्तेत काही कमी होत नाही.

५. एचडीएमआय आहे, चित्र जातं, पण अ‍ॅम्पमधून आवाजच नाही.

२००५-०६ च्या काही अ‍ॅम्पमध्ये एचडीएमआय नुसतं स्विचसारखं होतं. चित्र आरपार जायचं आणि आवाज अ‍ॅम्प घ्यायचाच नाही. मॅन्युअलमध्ये 'पास थ्रू' शब्द दिसला तर तुमचा त्यातलाच. मग एचडीएमआय नाहीच असं समजा आणि प्रश्न ३ कडे जा.

६. प्लेअर टीव्हीला लावला आणि टीव्हीतून एआरसीने (टीव्हीचा आवाज त्याच एचडीएमआय तारेतून उलटा अ‍ॅम्पकडे आणायची सोय) आवाज अ‍ॅम्पला आणला तर?

येईल, पण छाटून. साध्या एआरसीतून ट्रूएचडी येत नाही, आणि कित्येक टीव्ही डीटीएस पुढे पाठवतच नाहीत. ईएआरसीमध्ये, म्हणजे एआरसीच्या नव्या आवृत्तीत, ही अडचण नाही, पण त्यासाठी दोन्ही टोकांना ईएआरसी लागतं आणि जुन्या अ‍ॅम्पकडे ते कुठून येणार? मालिका, क्रिकेट, ओटीटी एआरसीवर खुशाल बघा. डिस्कसाठी प्रश्न ४ चा मार्ग.

७. सगळं बरोबर जोडलंय, तरी अ‍ॅम्पच्या डिस्प्लेवर 'डॉल्बी डिजिटल' किंवा 'डीटीएस' एवढंच येतं. ट्रूएचडी कुठे गेलं?

प्लेअरच्या मेनूत 'सेकंडरी ऑडिओ' किंवा 'बीडी ऑडिओ मिक्स' नावाचं एक सेटिंग असतं. मेनूतले टिकटिक आवाज आणि दिग्दर्शकाची कॉमेंट्री मुख्य आवाजात मिसळण्यासाठी ते आहे. ते चालू असलं की प्लेअर सगळं एकत्र करून परत साध्या डॉल्बी किंवा डीटीएसमध्ये बांधून पाठवतो. बंद करा. पुष्कळ प्लेअर कारखान्यातून ते चालू ठेवूनच येतात, का ते त्यांनाच ठाऊक. मग एकदा डिस्कचा स्वतःचा ऑडिओ मेनूही बघा: काही डिस्कवर आधीच निवडलेला ट्रॅक साधा असतो आणि चांगला खाली लपलेला.

८. अ‍ॅटमॉस (छतातूनही आवाज देणारी डॉल्बीची पद्धत) हवंय. जुना अ‍ॅम्प ठेवून जमेल का?

आधी एक भीती काढून टाका. डिस्कवर अ‍ॅटमॉस लिहिलं आहे म्हणून जुन्या अ‍ॅम्पवर ती मुकी होत नाही. डिस्कवरचा अ‍ॅटमॉस ट्रूएचडीच्या पोटात असतो. जुना अ‍ॅम्प तो ५.१ किंवा ७.१ म्हणून वाजवतो, वरून जाणारं हेलिकॉप्टर आजूबाजूच्या स्पीकरमधून जातं. काही हरवत नाही, उंची तेवढी मिळत नाही.

उंची हवीच असेल तर नवा अ‍ॅम्प लागेल, पण तो 'प्री-आउट' (आवाज दुसऱ्या अ‍ॅम्पला देणारे सॉकेट) असलेला घ्या. त्याच्या प्री-आउटमधून आरसीए तारा काढून जुन्या अ‍ॅम्पच्या 'मल्टी चॅनल इन'मध्ये द्या. नवा अ‍ॅम्प डोकं चालवेल आणि छतातले छोटे स्पीकर ओढेल. पुढचे जड स्पीकर, विशेषतः चार ओहमचे, जुन्याच्या ताकदीवर चालतील. जुन्याचा आवाज एका आकड्यावर कायम ठेवायचा. मी त्या आकड्याची चिठ्ठी अ‍ॅम्पला चिकटवतो, कारण घरात कोणीतरी नॉब फिरवतंच आणि मग सगळं कॅलिब्रेशन बिघडतं. दोन अ‍ॅम्पमुळे 'घूं' असा हम आला तर दोघांचे प्लग एकाच एक्स्टेन्शनवर, एकाच अर्थिंगवर घ्या. तरी राहिला तर केबल टीव्हीची तार काढून बघा. गुन्हेगार पुष्कळदा तीच असते.

मुंबईच्या फ्लॅटमध्ये खरी अडचण छताची. वर आवाज फेकून परत आणणाऱ्या स्पीकरला सपाट, टणक छत लागतं. बीम आडवा आला, किंवा पीओपीचे गोल-गोल डिझाइन असले की आवाज भलतीकडे जातो. अशा घरात छतात दोनच स्पीकर बसवा, पण खरे बसवा. आणि स्लॅबला भोक पाडताना खालच्या-वरच्यांना आधी सांगा. ड्रिलचा आवाज अ‍ॅटमॉसशिवायही चारही बाजूंनी येतो.

९. आरसीएच्या रांगेने जोडलं (प्रश्न ३), आवाज स्वच्छ आहे पण सबवूफर मेल्यासारखा वाटतो.

अपेक्षितच आहे. या इनपुटमधून आलेल्या आवाजाला जुना अ‍ॅम्प सहसा हात लावत नाही, त्यामुळे त्याच्यातलं स्पीकर-साइझ, क्रॉसओव्हर (कुठून खालचा बेस सबवूफरकडे वळवायचा ती सीमा), अंतर हे काहीच लागू होत नाही. ते सगळं प्लेअरच्या मेनूत भरायचं: छोटे स्पीकर 'स्मॉल', सबवूफर 'ऑन', टेपने मोजलेली अंतरं. दुसरं म्हणजे सबवूफरच्या चॅनलला १० डेसिबल जास्त द्यायची पद्धत आहे आणि काही अ‍ॅम्प या इनपुटवर ती पाळत नाहीत. अ‍ॅम्पमध्ये या इनपुटसाठी सबवूफर वाढवायचं सेटिंग असेल तर तिथे, नाहीतर सबवूफरच्या मागच्या नॉबने वाढवा. रात्री दहानंतर वाढवून बघू नका, खालच्या मजल्यावरून फोन येईल.

१०. प्रोजेक्टर १०८०पीचा आहे, अजून छान चालतो. त्यावर फोर-के डिस्क लावण्यात अर्थ आहे का?

चित्रापुरता फारसा नाही. प्लेअर फोर-के चित्र १०८०पीवर आणतो आणि एचडीआरचे (जास्त उजेड आणि अंधार दाखवणारे) रंग साध्या रंगांत बदलतो. हे बदलणं नीट झालं नाही तर रात्रीचे प्रसंग काळेकुट्ट दिसतात. पॅनासॉनिकच्या प्लेअरमध्ये हा उजेड कमी-जास्त करायची सोय आहे, तिने बराच फरक पडतो.

आवाजासाठी मात्र अर्थ आहे. कितीतरी जुन्या सिनेमांचा अ‍ॅटमॉस ट्रॅक फक्त फोर-के डिस्कवर दिला जातो. त्यातून पुष्कळ डब्यांत दोन्ही डिस्क असतात. फोर-केचा डबा घ्या, सध्या ब्लू-रे बघा, प्रोजेक्टर बदलला की दुसरी काढा.

फक्त कॉम्पोनंट इनपुट असलेला जुना प्लाझ्मा किंवा तीन नळ्यांचा प्रोजेक्टर असेल तर नव्या प्लेअरमधून चित्र निघणारच नाही. २०१३ नंतर बनलेल्या ब्लू-रे प्लेअरना अ‍ॅनालॉग चित्र द्यायची परवानगीच नाही.

११. प्रोजेक्टरची एचडीएमआय केबल २००९ मध्ये भिंतीत गाडली आहे. भिंत फोडावी लागेल का?

आधी फुकटचा प्रयोग. सिनेमाच्या डिस्क सेकंदाला २४ फ्रेमच्या असतात, त्यांना ६० फ्रेमपेक्षा बरीच कमी जागा लागते. प्लेअरला २४ फ्रेमचं आउटपुट चालू करा आणि रंगाचं सेटिंग ४:२:२ वर ठेवा. चांगल्या प्रतीची जुनी छोटी केबल यात निभावून नेते. दहा मीटरची तांब्याची केबल बहुतेक वेळा नेत नाही: चित्रात पांढरे ठिपके चमकतात किंवा दर दोन मिनिटांनी पडदा काळा होतो.

मग ऑप्टिकल एचडीएमआय. ती पातळ असते आणि वीस-तीस मीटरवरही हबकत नाही. अडचण डोक्याची. एचडीएमआयचा प्लग पाऊण इंची कॉन्ड्यूटमधून, त्यातही कोपऱ्यातल्या एल्बोमधून जात नाही. डोकं सुटं होणारी, बारीक टोकाची केबल मागा. जुनीच केबल ओढदोरी म्हणून वापरायची: टोकाला नायलॉनची दोरी बांधा, सांध्यावर टेप घट्ट गुंडाळा, एकाने ओढायचं आणि दुसऱ्याने समोरून हळूहळू आत द्यायचं. लॅमिंग्टन रोडवर मिळणारी वायर ओढायची स्प्रिंग जवळ ठेवा.

आणि एक. ही केबल एकाच दिशेने चालते. एका टोकाला 'सोर्स', दुसऱ्याला 'डिस्प्ले' लिहिलेलं असतं. मी एकदा माझ्या स्वतःच्या घरी पंधरा मीटर उलटी ओढली आहे. भिंतीत घालण्याआधी जमिनीवर पसरून, दोन्ही टोकं जोडून, पूर्ण एक सिनेमा बघा.

१२. भाऊ अमेरिकेतून डिस्क पाठवतो. इथे चालतील का?

फोर-के डिस्कला रीजनच नाही, जगात कुठूनही आणा. ब्लू-रेला आहे: अमेरिका 'ए', युरोप 'बी', भारत 'सी'. भारतात विकलेल्या प्लेअरवर अमेरिकेची रीजन लॉक असलेली ब्लू-रे चालणार नाही, पण अनेक कंपन्या आपल्या डिस्क लॉक करतच नाहीत. डीव्हीडीत भारत ५, अमेरिका १. गंमत अशी की एकाच डब्यातली फोर-के डिस्क चालते आणि शेजारची ब्लू-रे अडते. डिस्क खराब आहे समजून परत पाठवू नका.

१३. मग प्लेअर किंवा अ‍ॅम्पच अमेरिकेतून आणला तर?

मागची पट्टी वाचा. '१००-२४० व्होल्ट' असेल तर फक्त प्लग बदला. '१२० व्होल्ट' असेल आणि आपल्या २३० च्या सॉकेटमध्ये थेट घातलात, तर एक 'फट्', थोडा धूर, आणि गोष्ट तिथेच संपते. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावा. प्लेअरला छोटा पुरतो, अ‍ॅम्पला त्याच्या वॅटच्या दुप्पट क्षमतेचा. आणि रीजन प्लेअरसोबत येतो हे विसरू नका: अमेरिकेचा प्लेअर तुमच्या इथल्या डीव्हीडी नाकारू शकतो.

१४. प्लेस्टेशन किंवा कॉम्प्युटर वापरून प्लेअरचे पैसे वाचतील?

डिस्क ड्राइव्हवाला पीएस-५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स फोर-के डिस्क लावतात. पण दोघांना एकच एचडीएमआय आउटपुट, ऑप्टिकल नाही, म्हणजे जुन्या अ‍ॅम्पसोबत परत प्रश्न ४ चाच पेच. पीएस-५ वर डिस्कचं डॉल्बी व्हिजन (एचडीआरचाच एक प्रकार) नाही आणि गाण्यांची सीडीही नाही. कॉम्प्युटरचा नाद सोडा. अधिकृत सॉफ्टवेअरला लागणारं एसजीएक्स नावाचं सुरक्षा-वैशिष्ट्य इंटेलने आपल्या अकराव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरपासून काढून टाकलं.

१५. ओठ आधी हलतात की आवाज आधी येतो, पण जुळत नाही.

चित्र आणि आवाज वेगळ्या वाटांनी पाठवले की हे होतं. टीव्ही चित्रावर कलाकुसर करण्यात वेळ घेतो, आवाज अ‍ॅम्पमधून लगेच बाहेर पडतो. टीव्ही 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोडवर टाका, मग अ‍ॅम्पमध्ये 'ऑडिओ डिले' ४० मिलिसेकंदांनी, म्हणजे सुमारे एका फ्रेमने, वाढवत जा. तपासायला टाळी किंवा दार आपटण्याचा प्रसंग घ्या, संवादावर कान फसतो. आवाज मागे पडत असेल तर डिले आधीच कोणीतरी लावून ठेवलेला आहे, शून्यावर आणा.

१६. चार-पाच वर्षं सिस्टिम बंद होती. नवा प्लेअर जोडण्याआधी काय तपासू?

मुंबईची हवा म्हणजे मीठ आणि ओल, त्यात बंद कपाट. वूफरची जाळी काढा आणि कडेच्या फोमच्या पट्टीला बोट हलकेच लावा. रव्यासारखा चुरा हाताला चिकटला तर फोम संपला. असा स्पीकर वाजवू नका, कॉइल घासून कायमची जाईल. नवी पट्टी बसवून मिळते, स्पीकर फेकायचं कारण नाही. कड रबराची असेल तर बहुतेक वेळा शाबूत असते.

अ‍ॅम्पमागचे आरसीए सॉकेट हिरवट पडले असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पिन चार-पाचदा आत-बाहेर करा. नॉब फिरवताना खरखर येणं नेहमीचं आहे. जळका वास किंवा वर फुगलेले कपॅसिटर मात्र नाहीत, ते दिसले तर प्लग काढून मेकॅनिककडे. अ‍ॅम्पच्या वर चार-पाच इंच जागा मोकळी ठेवा. काचेच्या दाराच्या युनिटमध्ये कोंडलेले अ‍ॅम्प मी वयाआधी गेलेले पाहिले आहेत.

डिस्कवर ढगाळ नक्षी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी. पाण्याने ओल्या केलेल्या मऊ फडक्याने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. तीन थरांच्या फोर-के डिस्क बोटाच्या ठशानेही अडतात. सिनेमा ठरावीक जागी थांबत असेल तर प्लेअरला शिव्या देण्याआधी डिस्क पुसा आणि प्लेअर अपडेट करा. पुढच्या जून महिन्याआधी कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

१७. प्लेअर बनवणंच बंद होतंय म्हणतात. आता पैसे घालावेत का?

ओप्पोने २०१८ मध्ये हात आवरला. २०१९ मध्ये सॅमसंगने अमेरिकेच्या बाजारात नवे प्लेअर आणणं थांबवलं. इथे काळा घोड्याचं रिदम हाऊस २०१६ लाच बंद झालं, तेव्हा डिस्क हाताळून घेण्याची सवयही गेली. तरीही माझं मत: ज्याच्याकडे खोलीभर स्पीकर आहेत त्याने एक चांगला प्लेअर आत्ताच घेऊन ठेवावा. ओटीटीवरचा अ‍ॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये दाबलेला असतो, डिस्कवरचा ट्रूएचडी एक कणही गाळत नाही, आणि मोठ्या स्पीकरवर तो फरक लपत नाही. ज्याच्याकडे साउंडबार आहे त्याने घेऊ नये.

१८. घरात मराठी सिनेमांच्या व्हीसीडी, डीव्हीडी आणि थोड्या एसएसीडीही (उच्च दर्जाच्या गाण्यांच्या सीडी) आहेत. एकच प्लेअर सगळं लावेल?

डीव्हीडी सगळे लावतात आणि बरी मोठी करून दाखवतात. एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ सोनीचा एक्स-८०० एमके-२ घेतो, पॅनासॉनिकचा यूबी-८२० एसएसीडी घेत नाही. व्हीसीडी प्रत्येक प्लेअर घेतोच असं नाही, म्हणून घरातली एक खिशात घालून दुकानात जा आणि लावून बघा. एचडी डीव्हीडी असतील (तोशिबाने फेब्रुवारी २००८ मध्ये तो नाद सोडला) तर त्या आजच्या कुठल्याच ब्लू-रे प्लेअरवर चालणार नाहीत, त्यांचा स्वतःचा प्लेअर जपा.

१९. वडिलांच्या लेझरडिस्क (डीव्हीडीच्या आधीच्या मोठ्या चकत्या) आहेत. नव्या अ‍ॅम्पला जोडल्या तर चित्र येतं, पण डॉल्बी डिजिटल लिहिलेल्या डिस्कचाही आवाज स्टीरिओच येतो.

लेझरडिस्कचा डॉल्बी डिजिटल वेगळ्या 'एसी-थ्री आरएफ' सॉकेटमधून रेडिओ लहरीच्या रूपात बाहेर पडतो. तो आधी डीमॉड्युलेटरमधून काढावा लागतो आणि हे यंत्र नव्या कुठल्याच अ‍ॅम्पमध्ये नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि दोन हजारच्या सुरुवातीला आलेल्या काही महागड्या अ‍ॅम्पमध्ये ते आतच बसवलेलं असे. तुमचा पंचवीस किलोचा जुना अ‍ॅम्प चोरबाजारात द्यायला निघाला असाल तर टेम्पो थांबवा, टॉर्च घ्या आणि मागे 'एसी-थ्री आरएफ' लिहिलेलं एखादं सॉकेट आहे का ते बघा.